मदत हवी आहे : राउटर बदलल्यावर नास उघडत नाही

नमस्कार. नागपुरात धरमपेठेत आमचा फोटो स्टुडिओ असून लग्नसमारंभांची सर्व छायाचित्रे नासवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवण-यंत्रावर) साठवलेली आहेत. नवा राउटर १९२.१६८.०.० या मालिकेतील आयपी पत्ते (नेटवर्कवरील यंत्रांचे क्रमांक) देतो, तर नासवर १९२.१६८.१.२० हा जुना स्थिर पत्ता असल्याने ते कोणत्याही संगणकावरून उघडत नाही. लॅपटॉपला तात्पुरता १९२.१६८.१.५० हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा हे ठरवणारा आकडा) देऊन, केबलने थेट नासला जोडल्यास त्याच्या सेटिंगमध्ये शिरता येईल, असे मला वाटते. मात्र त्यानंतर नासमध्येच नवा पत्ता, गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे नेणाऱ्या राउटरचा पत्ता) व डीएनएस (संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते शोधणारी सेवा) भरावेत, की डीएचसीपी (राउटरकडून आपोआप पत्ता मिळण्याची सोय) सुरू करून राउटरमध्ये मॅक पत्त्यानुसार (यंत्राच्या नेटवर्क-हार्डवेअरच्या क्रमांकानुसार) आयपी राखून ठेवावा? मला दुसरा मार्ग अधिक टिकाऊ वाटतो. रीसेटचे बटण दाबण्यास मन धजत नाही, कारण नासमध्ये लोकांच्या आयुष्यभराच्या आठवणी आहेत. रीसेटने केवळ नेटवर्कची सेटिंग पुसली जातात की डिस्कवरील माहितीलाही धोका असतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.