हातातल्या चिपला बॅटरीच नसते

"हातात चिप बसवली की आपण कुठं आहोत ते सरकारला कळणार" ही काहींची भीती मला पटली नाही. तांदळाएवढ्या त्या चिपमध्ये ना बॅटरी, ना जीपीएस. ती वाचणारं यंत्र (रीडर) अगदी जवळ नेलं तरच ती नंबर सांगते. केविन वॉरविक या ब्रिटिश संशोधकानं १९९८ मध्ये बसवून घेतली, ती दारं उघडायला, दिवे लावायला. माग काढायला खिशातला मोबाइल आहेच की!

खरी काळजी मेंदूतल्या चिपची. २०२४ मध्ये इलॉन मस्कच्या न्यूरालिंक कंपनीनं बसवलेल्या चिपमुळे मानेखाली लुळा पडलेला माणूस नुसत्या विचारानं कर्सर हलवू लागला. पण उद्या कंपनीच बुडाली तर? सेकंड साइट या अमेरिकी कंपनीनं अंधांच्या डोळ्यात बसवायच्या इम्प्लांटचं काम थांबवलं, तेव्हा रुग्ण वाऱ्यावरच पडले.

आमच्या अमळनेरकडे म्हशीच्या कानात ओळखीसाठी बारा आकडी पिवळा बिल्ला असतो. आजीला चिपचं सांगितलं तर म्हणाली, "माले काय ढोर समजस का?"