मदत हवी आहे: मागे तोंड असलेल्या बेबी सीटला गाडीचा पट्टा पुरत नाही

मुलगी १३ महिन्यांची, ९.४ किलो, ७५ सेंमी. गाडी २०१३ची हॅचबॅक, आयसोफिक्स (बेबी सीट थेट गाडीला अडकवायचे हूक) नाही. मागे दोन्ही कडांना खांद्यावरून येणारा पट्टा, मधे फक्त कमरेचा. सीट मावसबहिणीची, आर४४/०४ या सुरक्षा मानकाचं नारिंगी लेबल, ०–१८ किलो, अपघातात न सापडलेली.

तोंड मागे केलं की पट्टा बकलाच्या चार बोटं आधीच संपतो. पुढची सीट सरकवली, कडा बदलून पाहिली, पट्टा पार शेवटपर्यंत ओढला. तोंड पुढे केलं तर पुरतो, आणि लेबलाप्रमाणे ९ किलोनंतर चालतंही. पण एवढ्याशा मानेला जोराच्या ब्रेकचा झटका बसेल, ते मन घेत नाही. ड्रायव्हरशेजारी एअरबॅग आहे, म्हणजे तिथे मागे तोंड करून बसवणं बादच. पट्ट्याला जोडही लावायचा नाही. गणपतीत कुंभार्ली घाटातून चिपळूणला जायचंय. मूल पट्ट्याशिवाय नेल्याचा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ बी चा १००० रुपये दंड आहेच, पण तिला मांडीवर घेऊन घाट उतरणार नाही हे नक्की.

बजेट १५ हजार. आखूड पट्ट्याच्या गाडीत मागे तोंड करून घट्ट बसलेली, पट्ट्यापाशी धरून हलवली तर इंचभरही न सरकणारी सीट कुणी वापरली आहे का? मॉडेल कोणतं, गाडी कोणती?