मदत हवी आहे: 'गिव्ह इन' आणि 'गिव्ह वे' यांत नेमका फरक काय?

नववीच्या मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवते. 'गिव्ह इन' म्हणजे हार मानणे, असं मी सांगितलं, तर एका मुलीने लगेच विचारलं, "मग 'गिव्ह अप' म्हणजे काय?"

तेवढं सुटलं. प्रयत्न सोडून हात टेकले की 'गिव्ह अप', आणि समोरच्याच्या हट्टापुढे मनाविरुद्ध नमतं घेतलं की 'गिव्ह इन'. ज्याच्यापुढे नमायचं त्याच्या आधी 'टु' येतो, हेही मुलांना कळलं. 'नमतं घेणे' हा शब्द तर त्यांना फार आवडला, कारण घरी रोज ऐकतात.

अडलंय ते 'गिव्ह वे'पाशी. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या पाटीवर तो 'आधी दुसऱ्याला जाऊ द्या' या अर्थाने असतो (अमेरिकेत तिथे 'यील्ड' लिहितात). भाराने पूल कोसळला तरी 'गेव्ह वे', हेही समजतं. पण 'ही गेव्ह इन टु देअर डिमांड्स' आणि 'ही गेव्ह वे टु देअर डिमांड्स' ही दोन्ही वाक्यं बरोबर असतात, तिथे मी अडखळते. शब्दकोशात दोन्हीकडे अर्थ जवळपास तोच दिलाय.

व्याकरणाच्या संज्ञा नकोत, मुलं घाबरतात. रोजच्या प्रसंगातलं एखादं उदाहरण मिळालं तर उत्तम.

माणसांच्या बाबतीत बोलताना या दोन वाक्यांच्या छटेत काही फरक जाणवतो का? असेल, तर 'गिव्ह वे'साठी 'नमतं घेणे'पेक्षा वेगळा कोणता मराठी वाक्प्रचार वापराल?