मदत हवी आहे: गारपिटीचा क्लेम, छप्पर मंजूर पण साइडिंग दोनच बाजूंचं (नेपरव्हिल, इलिनॉय)

नमस्कार मंडळी,

आमचं घर जुनं आहे, वर डांबरी शिंगल्स (छपराच्या पातळ चकत्या) आणि भिंतींना बाहेरून विनाइल साइडिंग, म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्यांचं आवरण. यंदाच्या वादळात वाऱ्याबरोबर गारा आडव्या आल्या. छपराला मार बसलाच, पण दक्षिण आणि पश्चिम बाजूच्या साइडिंगची पार चाळण झाली. काही पट्ट्यांना आरपार भोकं पडलीत, काहींच्या खालच्या कडेचे टवके उडालेत. उत्तर आणि पूर्व बाजू मात्र धडधाकट. सगळा घोळ तिथेच आहे.

इन्शुरन्सचा अ‍ॅडजस्टर, म्हणजे नुकसानीचा अंदाज घेणारा माणूस, येऊन गेला. छपराच्या प्रत्येक उतारावर खडूने चौकोन आखून त्यातल्या गारांच्या खुणा मोजल्या. पत्र्याच्या व्हेंटवरचे पोचे आणि एसीच्या बाहेरच्या युनिटच्या दबलेल्या पट्ट्या यांचे फोटो घेतले. माणूस नीट काम करणारा वाटला. छप्पर पूर्ण मंजूर झालं, साइडिंग दोनच बाजूंचं. आमच्या साइडिंगचा रंग आणि ती घडण आता बनत नाही, असं इथला सप्लायर म्हणतो. म्हणजे दोन बाजू नव्या करकरीत आणि दोन उन्हाने विटलेल्या. यावर कंपनीचं उत्तर: "जे फुटलं तेवढंच भरून देऊ, रंग जुळवून देणं आमचं काम नाही." हे बरोबर आहे का? चारही बाजू मागता येतात का?

शिवाय पहिला चेक एस्टिमेटच्या निम्म्याच्या आसपास आलाय. डिडक्टिबल (नुकसानीतला आपण स्वतः सोसायचा ठरावीक वाटा) समजू शकतो, पण घसारा म्हणून मोठी रक्कम कापली आहे. ती गेलीच का? आणि चेकवर आमच्याबरोबर मॉर्गेज (गृहकर्ज) कंपनीचंही नाव आहे, त्यामुळे तो खात्यात भरता येत नाही.

दारावर रूफरांची (छपराची कामं करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरांची) रीघ लागली आहे ती वेगळीच. एकजण "डिडक्टिबलचं आम्ही बघून घेतो, फक्त इथे सही करा" म्हणत होता. सही केलेली नाही.

– वाऱ्यावरचीवरात

पाटीलबुवा_शिकागो

अहो, तुमच्याच गावचा निकाल तुमच्या बाजूने आहे! विंडरिज ऑफ नेपरव्हिल या कंडो (फ्लॅटमालकांच्या) संघटनेचा. २०१४च्या गारा-वाऱ्यात त्यांच्या इमारतींच्या दक्षिण आणि पश्चिम बाजूंच्या अ‍ॅल्युमिनियम साइडिंगचं नुकसान झालं, जुळणारं साइडिंग बाजारात मिळेना आणि कंपनी दोनच बाजूंचे पैसे देत होती. अगदी तुमचीच कथा. सेव्हन्थ सर्किट या केंद्रीय अपील कोर्टाने २०१९ मध्ये चारही बाजू बदलून द्या असा निकाल दिला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की, विमा पट्टीचा किंवा भिंतीचा नाही, इमारतीचा आहे, आणि इमारत वादळापूर्वी होती तशी करून द्यायची तर ती एकसारखी दिसायला हवी.

लगेच पेढे वाटू नका. तो निकाल त्या पॉलिसीतल्या शब्दांवर उभा आहे. तुमची पॉलिसी जोडपत्रांसकट वाचा. हल्ली काही कंपन्या 'मॅचिंग'चा, म्हणजे जुन्याशी नवं जुळवण्याचा, खर्च वगळणारं किंवा त्याला मर्यादा घालणारं कलम घालतात. ते नसेल तर सप्लायरकडून माल बंद झाल्याचं पत्र घ्या, निकालाचा उल्लेख करून ईमेल पाठवा आणि नकार कोणत्या कलमाखाली आहे ते लेखी मागा. इलिनॉयमध्ये नकाराचं लेखी कारण द्यावंच लागतं, आणि राज्याच्या इन्शुरन्स खात्याकडे तक्रार करता येते हेही कळवावं लागतं. फोनवर वाद घालत बसू नका, फोनवरचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

घसारेबाई

पॉलिसी 'रिप्लेसमेंट कॉस्ट'ची (नवं बसवायचा पूर्ण खर्च देणारी) असेल तर कापलेला घसारा परत मिळतो, पण काम झाल्यावर. समजा नवं करायला २४,००० डॉलर, घसारा ९,००० आणि डिडक्टिबल ३,०००. पहिला चेक १२,०००चा. काम पूर्ण करून बिल पाठवलंत की ९,००० येतात. तुमच्या खिशातून गेले ३,०००. 'अ‍ॅक्च्युअल कॅश व्हॅल्यू'ची (घसारा वजा करून उरलेली किंमतच देणारी) असेल तर ते ९,००० विसरा. यात एक मेख आहे: घराला रिप्लेसमेंट कॉस्ट पण छपराला त्याच्या वयाप्रमाणे कमी पैसे, असंही जोडपत्र असू शकतं. एस्टिमेटमध्ये घसाऱ्यापुढे 'रिकव्हरेबल' (परत मिळणारा) लिहिलंय का ते ओळीओळीने बघा. मुदतही बघा. बऱ्याच पॉलिसींत उरलेली रक्कम मागणार असल्याचं नुकसानीपासून १८० दिवसांत कळवावं लागतं. आजच ईमेल टाकून ठेवा.

चेकसाठी मॉर्गेज कंपनीच्या 'लॉस ड्राफ्ट' विभागाला (विम्याचे चेक हाताळणाऱ्या) फोन करा. रक्कम लहान असेल तर साधारणपणे त्यांची सही होऊन चेक परत येतो. मोठी असेल तर पैसे स्वतःकडे ठेवून कामाच्या टप्प्याटप्प्याने सोडतात, मध्ये त्यांचा माणूस पाहणी करून जातो. वेळखाऊ आहे, रूफरला आधीच सांगून ठेवा.

नेटाने_नेटवर

"बघून घेतो"वाल्याला दारातूनच नमस्कार करा. डिडक्टिबल भरून देण्याचं किंवा परत करण्याचं आमिष दाखवायला इलिनॉयच्या कायद्याने कॉन्ट्रॅक्टरला बंदी आहे. आणि तो ते पैसे पदरचे थोडेच घालणार? बिल फुगवेल नाहीतर माल हलका वापरेल. इथे रूफरला राज्याचा परवाना लागतो, त्याचा नंबर मागा आणि ऑनलाइन तपासा.

जुनी शिंगल्स काढल्यावर खाली कुजलेल्या फळ्या निघाल्या तर झाकायच्या आधी फोटो काढून कंपनीला पाठवायला सांगा. वाढीव खर्चाची मागणी, म्हणजे 'सप्लिमेंट', तेव्हाच टिकते. पब्लिक अ‍ॅडजस्टर (तुमच्या बाजूने क्लेम लढवणारा माणूस) इतक्यात नको. तो मिळणाऱ्या रकमेतून टक्केवारी घेतो. आधी ईमेलला काय उत्तर येतं ते बघा.

वाऱ्यावरचीवरात

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून पॉलिसी वाचली. 'मॅचिंग'चं कलम कुठेच नाही, आणि घसाऱ्यापुढे 'रिकव्हरेबल' आहे. ईमेल लिहायला घेतलंय. एक राहिलं: भोकं पडलेल्या बाजू तोवर तशाच ठेवायच्या का? पाऊस आला तर आतलं प्लायवूड भिजेल. हात लावला तर क्लेमला बाधा येईल अशी बायकोला भीती वाटते.

घसारेबाई

उलट आहे. नुकसान वाढू न देणं ही पॉलिसीनुसार तुमचीच जबाबदारी. आधी जवळून आणि लांबून भरपूर फोटो काढा, मग ताडपत्री किंवा हाउसरॅप (भिंतीवर लावायचं पाणीरोधक कापड) ठोकून घ्या. सामानाच्या पावत्या क्लेमला जोडा. आणि फुटलेल्या पट्ट्या कचऱ्यात टाकू नका. जुळणारा माल मिळतो का हे तपासायला कंपनीला नमुना लागू शकतो.