दर वाढवा म्हणजे विमानं वळतील म्हणे!

रिकामटेकडा: कालच्या धाग्यावर चकोर यांनी ठोकून दिलंय, "गर्दीच्या आकाशाचे दर (म्हणजे देशावरून उडण्यासाठी विमान कंपन्या भरतात ते शुल्क) वाढवा, विमानं आपोआप वळतील, आमच्या कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनमध्ये दिसलंय." डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा. युरोपात अंतर, विमानाच्या वजनाचा गुणक आणि त्या देशाचा दर यांच्या गुणाकारावर बिल निघतं. जादा इंधन जाळून स्वस्त देशावरून वळसे कंपन्या आधीपासूनच घालतात. पण सगळेच त्या वाटेला लागले की तिथेच तुंबतं, स्लॉट, म्हणजे उड्डाणाची ठरवून दिलेली वेळ, लांबतो. तुमच्या मॉडेलमध्ये प्रत्येक कंपनी एकटीच उडते का?

चकोर: आम्ही काय गोट्या खेळतो? सिम्युलेशनच्या प्रत्येक फेरीनंतर विलंब मोजून कंपन्यांना पुन्हा मार्ग निवडायला लावतो. काही फेऱ्यांत आकडे स्थिरावतात.

रिकामटेकडा: कॉम्प्युटरवर स्थिरावतात हो! वारा रोज बदलतो. शिवाय एका कंपनीच्या विमानात पुढचं विमान गाठणारे प्रवासी, दुसरीला विमानतळाच्या रात्रीच्या कर्फ्यूआधी उतरायचंय. दोघींच्या दहा मिनिटांची किंमत सारखीच धरलीत ना?

माजी टॉवरवाला: दरांचं कौतुक दोघांनीही आवरा. २०१९ च्या उन्हाळ्यात कार्ल्सरूहे-मास्ट्रिख्ट या नियंत्रण केंद्रांच्या आकाशातली गर्दी हटवायला युरोकंट्रोलनं (युरोपची हवाई वाहतूक सांभाळणारी संस्था) विमानं सरळ बाजूला काढली, काहींना खालच्या उंचीवर ठेवलं. खाली इंधन जास्त जळतं, कंपन्या कुरकुरल्या असतील, पण गेल्या.

नाशिकची माई: युरोपचं पुरे. पाकिस्तानचं आकाश भारतीय कंपन्यांना बंद झाल्यापासून आमची भाची दिल्लीहून अमेरिकेला निघाली की मध्ये व्हिएन्नात इंधनासाठी थांबते. दोन लहान पोरं, विमानातून उतरू देत नाहीत, धाकटा रडून बेजार. आणि तिकीट? आधीपेक्षा महाग!

चकोर: माई, ती बंदी आहे, निवड नव्हे. विषयांतर नको.

नाशिकची माई: विषयांतर कसलं? परदेशी कंपन्या त्याच आकाशातून जातात आणि आमच्यांनी वळसे घालायचे. हे तुमच्या गणितात बसतं का ते सांगा, मग मला गप्प करा.

रिकामटेकडा: माईंनी बरोब्बर पकडलंय. एप्रिल २०२५ मध्ये इंडिगोनं अल्माटी आणि ताश्कंदची उड्डाणंच थांबवली, कारण वळसा त्यांच्या विमानांच्या पल्ल्यात बसेना. चकोरसाहेब, तुमच्या यादीत 'जायचंच नाही' हा मार्ग आहे?

चकोर: नाही. टाकतो. झालं समाधान? बाकी सगळं बरोबर आहे म्हणायला जीभ झडते वाटतं तुमची.

रिकामटेकडा: बाकी सगळं नाही. फेऱ्यांचं ठीक आहे.

नाशिकची माई: आणि तिकिटाचं?