मदत हवी आहे: बोटीवर भोंगा आणि अलार्म, दोन्ही दगा देताहेत

नर्मदाकाठ: किल्ली मारली की भोंग्याचा (लाउडस्पीकरचा) अ‍ॅम्प्लिफायर बंद. इंजिन धरलं की भोंग्यातून कुंईंईं सुरू, रेस वाढवली की तेही वाढतं. अलार्म तर मुकाच. तीनदा वायरी बदलल्या. परवा बाजार आहे, लवकर सांगा.

वायरमन_भुसावळ: बॅटरी 12 व्होल्ट की 24? बोट लोखंडी का फायबर? अलार्म कशाचा, इंजिन तापल्याचा की तळात पाणी साचल्याचा? एवढं तरी लिही भो.

रावेर_केळीगाडी: कशाला झंझट! सेलवाला हातभोंगा घ्या. आमच्या मळ्यात मजुरांना बोलवायला तोच आहे.

नर्मदाकाठ: बॅटरी 12 व्होल्ट, अ‍ॅम्प्लिफायर 30 वॉट, बोट लोखंडी. अलार्म पाण्याचा, फ्लोट स्विचवाला (पाणी चढलं की तरंगून चालू होतो तो). धडगावकडच्या बाजूने सरदार सरोवरात चालते. धरण 138.68 मीटरला भरलं की बुडालेल्या झाडांमुळे काठाला लागता येत नाही, घरं वर टेकडीवर. हाका मारून घसा बसतो. हातभोंगा धरला तर सुकाणू कोण धरील?

नियमवाला: बोटींच्या नियमात एक आखूड भोंगा म्हणजे उजवीकडे वळतोय, दोन डावीकडे, तीन म्हणजे इंजिन रिव्हर्समध्ये. पाच किंवा जास्त म्हणजे तुझा इरादा कळत नाही. धुक्यात चालताना जास्तीत जास्त दोन मिनिटांनी एक लांब.

नर्मदाकाठ: समोरून बोट आली तर आम्ही हात वर करतो. माझं कुंईं कसं जाईल?

बँडवाला_शहादा: मशीनवर (अ‍ॅम्प्लिफायरवर) 8 ओहम आणि भोंग्याचं युनिट 16 चं असेल, तर आवाज कमीच येणार. सारंगखेड्याच्या यात्रेत आम्ही...

वायरमन_भुसावळ: यात्रा राहू द्या, त्याचा आवाज कमी नाही, बंद पडतोय. नर्मदाकाठ, प्लस कुठून घेतला? मायनस?

नर्मदाकाठ: प्लस स्टार्टरच्या बोल्टवरून, जवळ पडतो. मायनस बोटीच्या बॉडीला, ट्रॅक्टरला असतो तसा. अलार्म किल्लीवरून.

वायरमन_भुसावळ: हेच पहिल्यांदा लिहिलं असतंस तर! स्टार्टर ओढतो तेव्हा तिथलं व्होल्टेज पडतं, मशीन बंद. बॉडीतून अल्टरनेटरचा (इंजिनवर बॅटरी चार्ज करतो त्याचा) आवाज शिरतो, तेच कुंईं. आणि लोखंडी बोटीत बॉडीला मायनस दिला की पाण्यातला पत्रा खाल्ला जातो. प्लस-मायनस दोन्ही थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून, 2.5 चौरस मिमीची वायर, प्लसला बॅटरीजवळच फ्यूज, मशीनवर लिहिलाय तेवढ्याचाच. अलार्मलाही बॅटरीवरून वेगळी लाइन दे. बोट बुडते ती रात्री बांधून ठेवलेली, तेव्हा किल्ली तुझ्या खिशात असते.

रावेर_केळीगाडी: एवढ्या खर्चात पाच हातभोंगे आले असते.

वायरमन_भुसावळ: दोन वायरी आणि एक फ्यूज, दादा. पाच भोंगे कुठल्या दुकानात?

नर्मदाकाठ: कुंईं गेलं. किल्ली मारली तरी मशीन चालू. अलार्मचा फ्लोट डिझेलच्या चिकट्यात अडकला होता, पुसून सोडला तर लगेच वाजला आणि थांबेचना. फळी उचलून पाहिलं, वीतभर पाणी. शाफ्टच्या ग्लँडमधून (पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथून) येतंय.

वायरमन_भुसावळ: पाणी उपस आधी! ग्लँडचे दोन्ही नट सारखे, थोडे थोडे आवळ. पार कोरडी करू नकोस, दोरीची पॅकिंग असेल तर शाफ्ट फिरताना थेंब थेंब पडलाच पाहिजे, नाहीतर तापून जळते.