नुसत्या आकड्यावर जाऊ नका

स्वस्तात मिळणाऱ्या १६ टीबीच्या (टेराबाइट) एसएसडीबद्दल, म्हणजे डेटा साठवायच्या ड्राइव्हबद्दल, ‘कॉम्प्युटरला लावल्यावर पूर्ण १६ टीबी दिसले, म्हणजे माल अस्सल’ असं एकाने लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. परदेशातल्या एका साइटवरून मी अशीच स्वस्तातली एसएसडी मागवली होती. विंडोजमध्ये आकडा बरोबर, पण लेकीच्या बारशाचे व्हिडिओ टाकले तर निम्मे उघडेचनात. खोलून पाहिलं, आत मेमरी कार्ड चिकटवलेलं! (दुसरी प्रत होती म्हणून वाचलो.) अशा मालात फर्मवेअरच (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) खोटी क्षमता सांगतं आणि खरी जागा संपली की जुन्या डेटावर नवा लिहीत जातं. त्यामुळे सुरुवातीला काही कळत नाही.

पार्सल आल्या आल्या, परतीची मुदत असतानाच विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ हा तपासणीचा प्रोग्राम चालवा. लिनक्सवर ‘एफथ्री’ आहे. हे दोन्ही प्रोग्राम ड्राइव्ह काठोकाठ भरून ते सगळं परत वाचून बघतात. वेळ फार लागतो, पण लावून ठेवा.